काकू सत्काराला आल्याच नाहीत, आता काय करू?

पत्र:

ताई, मी सोलापुरात एका छोट्या सामाजिक संस्थेत कोऑर्डिनेटर आहे. पगारावर मी आणि एक मदतनीस, एवढेच, बाकी सगळं ३४ स्वयंसेवकांवर चालतं. सिव्हिलमध्ये पेशंटसोबत आलेल्या नातेवाइकांना दुपारचा डबा, वस्तीत संध्याकाळचा अभ्यासवर्ग आणि म्हाताऱ्या माणसांचे पेन्शनचे फॉर्म भरून देणं, ही आमची तीन कामं. दरवर्षी ५ डिसेंबरला स्वयंसेवक दिन करतो, शाल, श्रीफळ, ट्रॉफी, पाहुणे, सगळं. यंदा ९ वर्षं भाकरी करणाऱ्या काकू आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाल्या, "मला नको तुमचा सत्कार, मागच्या वर्षी माझं नाव पण चुकीचं पुकारलं." तेव्हापासून येतात, भाकरी करतात, गप्प निघून जातात. कॉलेजची पोरं सर्टिफिकेट मिळालं की गायब. एक विश्वस्त म्हणतात सेवेचे कसले आभार मानायचे, दुसरे म्हणतात सगळ्यांना मानधन चालू करा. या सगळ्यासाठी माझ्या हातात वर्षाचे १२,००० रुपये आहेत. मी कुठे चुकतेय?

– थकलेली कोऑर्डिनेटर

उत्तर:

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या "गप्प निघून जातात" वर थांबले. काकू संस्था सोडून गेल्या नाहीत हे आधी लक्षात घ्या, रागावल्यात आणि तरी रोज येतायत, कारण सिव्हिलच्या आवारात बसलेल्या माणसाला डबा मिळाला पाहिजे हे त्यांना तुमच्या माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून बाकीचं सगळं नंतर, पहिल्यांदा काकूंकडे जा.

फोन नको, व्हॉट्सॲप तर नकोच. डबे गेले, परात धुवून पालथी घातली, शेगड्या बंद झाल्या की त्या वेळेला जा, चहा घेऊन जा आणि खाली त्यांच्या शेजारी बसा. आणि सरळ सांगा की काकू, मागच्या वर्षी तुमचं नाव चुकलं, ती आमची चूक, ९ वर्षं तुम्ही येताय आणि आम्हाला नाव नीट वाचता आलं नाही याचं मला वाईट वाटतंय. त्यापुढे "पण" लावू नका. पण सूत्रसंचालन करणारा नवीन होता, पण यादी टाइप करताना झालं, असलं काही नको, एकदा "पण" आला की माफी गेली. मग विचारा, तुम्हाला इथे काम करताना कशाचा त्रास होतो. आणि ऐकून घ्या, मध्ये बोलू नका, त्या पाच मिनिटं गप्प बसल्या तरी बसू द्या.

आपल्याकडे एक अडचण आहे ती खरीच आहे. घरच्या माणसाला आपण थँक्यू म्हणत नाही. आई ताट वाढते तेव्हा कुणी धन्यवाद म्हटलं तर ती म्हणेल काय रे, परक्यासारखं काय बोलतोस. मग संस्थेत पण आपण तेच करतो, स्वयंसेवक म्हणजे घरचेच की, त्यांना काय आभार. पण घरात आईला थँक्यू म्हणत नसलो तरी "आज भाजी मस्त झालीय" म्हणतो, "दमलीस का, बस जरा" म्हणतो, तिला बरं नसलं तर पोळ्या बाहेरून आणतो. संस्थेत आपण घरचे म्हणून आभार सोडून देतो आणि घरच्यासारखं विचारपूस करणं पण राहून जातं, मग वर्षातून एकदा एकदम स्टेज, हार, माइक. मधलं सगळं वर्ष कोरडं. माणसाला सत्कारापेक्षा दखल हवी असते आणि दखल रोजची असते, ती डिसेंबरपर्यंत साठवून ठेवता येत नाही.

माझं सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून दाखवायला आणि परीक्षेत लेखनिक म्हणून जायचे. तीन तासांच्या पेपरला त्यांना तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे चार तास मान खाली घालून दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, स्वतःला येत असलेलं उत्तर गिळून. ज्या संस्थेकडून जायचे तिने वर्षाच्या शेवटी सत्कार ठेवला, पाहुणे दीड तास उशिरा आले, आम्ही खुर्च्यांवर बसून राहिलो, माझं नाव पुकारताना "यांनी संस्थेला भरीव आर्थिक मदत केली" असं वाचलं गेलं. मी एक रुपया दिला नव्हता. शाल घेतली, खाली आले, घरी जाऊन ती कपाटात ठेवली, नंतर कुणाला तरी दिली असेल, आता आठवत पण नाही. पण जून महिन्यात एका संध्याकाळी फोन आला, पलीकडून एक मुलगी, "ताई, राज्यशास्त्रात ७१ पडले." बस, एवढंच वाक्य. तिने माझा नंबर तीन जणांना विचारून शोधून काढला होता. त्या फोनवर मी पुढची सहा वर्षं जात राहिले. संस्थेकडे तिचा निकाल होता, माझा नंबर होता, दोन्ही एकाच रजिस्टरमध्ये असतील, पण कुणालाच वाटलं नाही की ज्याने चार तास लिहिलं त्याला कळवावं.

म्हणून माझा पहिला सल्ला, केलेल्या कामाचं पुढे काय झालं ते त्या त्या माणसाला कळवा. तुमच्या पेन्शनच्या कामात तर हे जास्तच लागू. सोलापुरात विड्या वळून वळून बायकांच्या बोटांच्या रेषा पुसल्या जातात हे तुम्ही रोज बघता. मशीनवर अंगठा लागत नाही, एकदा, दोनदा, चारदा, मग तुमचा स्वयंसेवक ओल्या फडक्याने त्यांची बोटं पुसतो, परत लावायला सांगतो, नाहीच झालं तर बुबुळावर किंवा चेहऱ्यावर होतंय का ते विचारत या खिडकीतून त्या खिडकीत फिरतो. उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, बँकेचं आधार लिंक, हयातीचा दाखला, एका आजीमागे चार चार खेपा. आणि मग संजय गांधी निराधारचे किंवा श्रावणबाळचे महिन्याचे १,५०० रुपये सुरू होतात तेव्हा आजीला बँकेत कळतं, तुम्हाला ऑफिसात कळतं, आणि ज्या पोराने उन्हात खेपा घातल्या त्याला कळतच नाही! तो तोपर्यंत पुढच्या फॉर्मवर असतो. त्याला त्याच दिवशी फोन करा. "अरे, त्या आजींचे पैसे जमा झाले." जमलं तर आजींनाच फोनवर द्या. याला १२,००० मधला एक रुपया लागत नाही. यासाठी तुमच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा, फॉर्म कुणी भरला आणि त्याला निकाल कळवला का. रकाना असला की आठवण राहते, नुसत्या चांगल्या मनावर सोडलं तर राहून जातं हे मी स्वतः बघितलंय.

दुसरं, त्यांचा वेळ. स्वयंसेवक पैसे घेत नाही म्हणजे त्याचा वेळ फुकट असतो असं नकळत आपल्या डोक्यात बसतं, आणि मग दहाला बोलावून अकराला किल्ली सापडते, अभ्यासवर्गाच्या ताईला जाऊन कळतं की आज मुलं जत्रेला गेलीत. आदल्या रात्री एक मेसेज टाकला असता तर तिचे बसचे पैसे आणि दोन तास वाचले असते. तुम्ही कितीही गोड बोला, ज्या संस्थेत वेळेवर किल्ली सापडत नाही तिथून माणूस मनाने आधी निघतो आणि पायाने नंतर.

तिसरं पैशाचं, आणि यात मी विश्वस्तांच्या दोन्ही म्हणण्यांवर जरा स्पष्ट बोलणार आहे.

जे म्हणतात सेवेचे कसले आभार, त्यांचा भाव चांगलाच असेल. पण हे वाक्य सेवा करणाऱ्याने म्हणायचं असतं, करून घेणाऱ्याने म्हणायचं नसतं. काकू म्हणाल्या की आभार कसले तर तो त्यांचा मोठेपणा, तेच विश्वस्त म्हणाले तर तो फक्त हिशोब झाला. गाडगेबाबा गावात गेले की खराटा स्वतः हातात घ्यायचे, दुसऱ्याच्या हातात देऊन वर बसायचे नाहीत. आणि तुमच्याच जिल्ह्यात पंढरपूर आहे, वारीच्या वाटेवर जा, वारकऱ्यांचे पाय चेपून देणारा माणूस खाली वाकतो आणि वारकरी उठून त्याच्याच पाया पडतो, दोघंही एकमेकांना माउली म्हणतात. तिथे सेवा आणि नमस्कार एकत्रच चालतात. विश्वस्तांना हे असंच सांगा, त्यांना पटेल.

आता मानधन. सगळ्यांना महिन्याला दोनशे-तीनशे रुपये द्यायचे असं काही असेल तर करू नका. त्यात ना पगाराची प्रतिष्ठा ना सेवेचा आनंद, उलट माणूस मनात भागाकार करायला लागतो, माझ्या तासाचे अकरा रुपये का. पण एक प्रश्न तुम्ही स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. काकू आठवड्यातले किती दिवस, किती तास येतात? सहा दिवस आणि रोज चार तास असेल तर ती जवळजवळ नोकरी आहे, आणि त्यांच्या घरी पैशांची ओढाताण असेल तर ९ वर्षं आपण एका गरजू बाईचं काम सेवा या नावाखाली घेतोय का, हे बघायला पाहिजे. त्यांची परिस्थिती मला माहीत नाही, तुम्हाला असेल. गरज असेल तर रीतसर पगार द्या, अर्धा वेळ का होईना, देणगीदारांना स्पष्ट सांगून त्यासाठी पैसे मागा. डब्याला पैसे देणारा माणूस भाकरी करणाऱ्या हाताला पण देतो, त्याला कुणी मागितलेलंच नसतं. गरज नसेल आणि त्यांना सेवाच करायची असेल तर तेही त्यांच्याच तोंडून कळू द्या, तुम्ही ठरवू नका.

खर्च मात्र सगळ्यांचा परत द्या. रिक्षा, बस, झेरॉक्स, फोनचा रिचार्ज. आणि मागायला लावू नका. आपल्याकडे भल्या माणसाला सेवेच्या ठिकाणी चाळीस रुपये मागायची लाज वाटते, तो स्वतःच्या खिशातून घालतो आणि एक दिवस खिसा रिकामा असतो म्हणून यायचा बंद होतो, कारण सांगत पण नाही, तब्येत बरी नाही म्हणतो. शनिवारी तुम्हीच वही घेऊन फिरा, या आठवड्यात किती झाले, लिहा, हे घ्या. सगळ्यांना विचारलं की कुणालाच लाज वाटत नाही, ज्याला नको तो नको म्हणेल.

कॉलेजच्या पोरांवर तुम्ही जरा रागावलेल्या दिसता. मी त्यांची बाजू घेणार. एनएसएसमध्ये, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत, दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं शिबिर करावं लागतं, तास भरायला आलेलं पोरगं तास भरले की जाणारच, त्यात फसवणूक काही नाही. सर्टिफिकेट हवं असणं ही वाईट गोष्ट नाही, त्याला उद्या नोकरी शोधायचीय. फक्त ते सर्टिफिकेट खरं करा. सगळ्यांना एकच छापील "उल्लेखनीय कार्य" आणि खाली रबरी शिक्का, याला पोरं पण कागदच समजतात. त्याऐवजी चार ओळी लिहा, याने जून ते डिसेंबर दर मंगळवारी आणि गुरुवारी सहावीच्या नऊ मुलांना गणित शिकवलं, अपूर्णांक येत नव्हते तेव्हा भाकरीचे तुकडे करून दाखवले. असं पत्र पोरगं आईला वाचून दाखवतं. आणि जाताना त्याला सांगा, परीक्षा झाल्यावर एखाद्या रविवारी ये, मुलं तुझं नाव काढतात. काढत असतील तरच सांगा हं, खोटं लगेच कळतं. जे परत येत नाहीत त्यांच्यावर रुसू नका, त्यांनी दिलं ते दिलं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज "सर्व स्वयंसेवकांचे मनःपूर्वक आभार" आणि हात जोडलेले इमोजी टाकत असाल तर ते कमी करा. सर्व म्हटलं की कुणालाच लागत नाही. त्यापेक्षा एकाच माणसाला, एकाच गोष्टीबद्दल, त्याच दिवशी मेसेज करा. "काल तुम्ही त्या रडणाऱ्या बाईंना डबा देऊन झाल्यावर पाच मिनिटं बसून बोललात, मी लांबून बघितलं." हे वाचून माणूस आठवडाभर चालतो. आठवड्याला तीन जणांना असं करायचं ठरवलं तर ३४ जणांना तीन महिन्यांत एकदा तरी मिळतं, तुमच्या कॅलेंडरवर नावं टाकून ठेवा. आणि फोटो विचारून काढा, डबा घेणाऱ्याचा तर नकोच, त्या बिचाऱ्याची बायको आत ॲडमिट असते आणि तो आपल्या कॅमेऱ्याकडे बघत उभा राहतो.

"सर्वोत्कृष्ट स्वयंसेवक" अशी ट्रॉफी देत असाल तर ती बंद करा असं माझं ठाम मत आहे. एकीला मिळते, ३३ जण टाळ्या वाजवतात, आणि त्यातल्या दोघी-तिघी घरी जाताना मनात हिशोब घालतात की मी काय कमी केलं. लहान संस्थेत हा तडा लगेच जातो आणि बुजायला वर्ष जातं.

आणि जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे जा. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाच्या घरी दुःख झालं, कुणी लॉकडाउननंतर आलंच नाही. २०२० मध्ये जिवाची भीती असताना ज्यांनी डबे पोचवले आणि मग थांबले त्यांच्यातल्या किती जणांना नंतर कुणी फोन केला असेल? तुमच्या जुन्या रजिस्टरमध्ये त्यांची नावं असतील, एखाद्या दुपारी बसून फोन लावा. परत या असं म्हणायला नको, नुसतं कशा आहात एवढंच. ज्यांच्या घरी आजारपण आहे त्यांना आपल्याच स्वयंपाकघरातला डबा पाठवा की, नऊ वर्षं दुसऱ्यांसाठी भाकरी थापणाऱ्या बाईच्या घरी ताप असताना आपला डबा गेला नाही तर मग आपण नक्की कुणाची सेवा करतोय.

५ डिसेंबर बंद करू नका. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये हा दिवस ठरवला, चांगलाच आहे, फक्त त्याची तऱ्हा बदला. स्टेज नको, पाहुणे नकोत. पंगत बसवा. वर्षभर जे वाढतात ते खाली पाटावर बसतील आणि विश्वस्तांनी वाढायचं, स्वतः, कमरेला पंचा बांधून. आधी मीठ, मग चटणी, कोशिंबीर, भाजी, गरम भाकरी आणि शेंगा चटणी, आग्रह करून. भाकरी त्या दिवशी बाहेरून करून आणा, काकूंच्या हाताला सुट्टी. आग्रह करणारा माणूस ताटावर वाकतो, नाव घेऊन विचारतो, काकू अजून अर्धी, तेव्हा ३४ जणांची नावं विश्वस्तांना पाठ व्हावीच लागतील, तुम्ही आधी महिनाभर पाठ करून घ्या. जेवणं झाल्यावर अभ्यासवर्गातली दोन मुलं आणि पेन्शन सुरू झालेल्या एक-दोन आजी यांना बोलू द्या, त्यांची इच्छा असेल तरच, पाच मिनिटं. भाषण कुणाचंच नको.

१२,००० चं गणित सोपं आहे. शाली, ट्रॉफ्या, बॅनर आणि पाहुण्यांच्या गाडीचे पैसे वाचले की रिक्षा-बसचा बराचसा खर्च आणि पंगत निघते. पंगतीचा किराणा एखाद्या दुकानदाराकडे मागा, पंगतीला कोण नाही म्हणत. आणि त्यातले थोडे बाजूला काढून स्वयंपाकघराकडे बघा. तुम्ही लिहिलं नाही पण मी अशी बरीच स्वयंपाकघरं पाहिलीत, काकू बहुतेक खाली बसून भाकरी थापत असतील, परात समोर, शेगडी बाजूला, उठताना एक हात भिंतीला आणि एक गुडघ्यावर. एक पंखा नसेल, असला तर ज्वाला विझते म्हणून बंद असेल. तुम्ही त्यांच्या शेजारी बसाल तेव्हा हे सगळं नीट बघा.

तुमच्याबद्दल पण एक. सही करताना तुम्ही थकलेली लिहिलंय. ३४ माणसांचं सुखदुःख एकटीने सांभाळायचं नसतं, स्वयंसेवकांमधल्याच दोघा-तिघांना फोन करायचं, खर्चाची वही फिरवायचं काम वाटून द्या, अशी जबाबदारी मिळणं पण लोकांना आवडतं. आणि विश्वस्तांच्या पुढच्या मीटिंगमध्ये तुमच्या रजेचा विषय तुम्हीच काढा.

उद्याच जाताय ना काकूंकडे? बोलणं झालं, त्या हो म्हणाल्या, की उभ्याने भाकरी थापता येईल असा एक ओटा किंवा मजबूत टेबल करून घ्या, शेगडी त्याच उंचीला. सुताराला सांगायच्या आधी काकूंना परातीसमोर उभं करून कोपरापर्यंतची उंची मोजा, बाजारात मिळतं ते तयार टेबल त्यांना उंच पडेल.